दारं कुणी धरायची

रात्री साडेअकराला आमच्या गटाची बैठक असते. त्या वेळी युरोपात जेवणं उरकलेली असतात, न्यूयॉर्कला दुपार असते, कॅलिफोर्नियातले लोक सकाळची कॉफी घेत कॅमेऱ्यासमोर बसतात, आणि धुळ्यात, देवपूरच्या आमच्या गल्लीत, कूलरची घरघर तेवढी चालू असते. राउटर इन्व्हर्टरवर टाकलेला, शेजारी पाण्याचा तांब्या, अंगात बनियनवर घाईने चढवलेला शर्ट. मानकं लिहिणारा हा खुला गट आहे. भारतीय लिप्यांमधला मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना बिघडू नये म्हणून काय करायचं, याचे नियम आम्ही लिहितो. कुणीही यावं, फी नाही, कार्ड नाही. त्या रात्री विषय मात्र लिपीचा नव्हता, गटाच्या आचारसंहितेचा होता. जेवताना घरात सांगितलं, आज आचारसंहितेवर बैठक आहे, तर बायको म्हणाली, आता कसली निवडणूक लागली?

मसुदा दोन पानांचा होता. वाचून झाला, थोडी चर्चा झाली, आणि अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? सगळे गप्प. पडद्यावर चौकोनांच्या रांगा आणि प्रत्येकाखाली माइकवर काट मारलेलं ते लाल चिन्ह. एका चौकोनातली काट गेली. शिरपूरच्या मॅडमच्या. गेली, क्षणभर तशीच राहिली, आणि परत आली. अध्यक्ष म्हणाले, ठीक, शांतता म्हणजे सहमती समजतो, पुढचा मुद्दा. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र ते डोक्यात अडकून बसलं. या मॅडमना मीच गटात आणलं होतं. शिरपूरला अभियांत्रिकी कॉलेजात शिकवतात, देवनागरीच्या चाचण्यांचं काम त्यांच्याइतकं नेटकं करणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नाही, आणि बैठकीत त्यांचा आवाज मी तोवर कधी ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. मागे मुलांचा गलका, कुठेतरी बाक ओढल्याचा आवाज. "बोलणार होते हो सर. मनात वाक्य जुळवत होते. ते जुळेपर्यंत गाडी पुढे गेलेली." मग लगेच, "जाऊ द्या, तसं काही फार महत्त्वाचं नव्हतं." मी विचारलं, काय होतं पण? त्या म्हणाल्या, "मसुद्यात लिहिलंय, कुणाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर अध्यक्षांना कळवावं. तक्रार अध्यक्षांबद्दलच असली तर?"

हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या रात्री कुणी कुणाला वेडंवाकडं बोललं नव्हतं. आवाज चढला नाही, टोमणा नाही, खवचट हसू नाही. सगळं कसं सुरळीत. ज्या मसुद्यावर बोलत होतो त्यातलं एकही कलम त्या रात्री मोडलं गेलं नाही, आणि तरीही एका माणसाचा सर्वांत कामाचा मुद्दा त्याच्या घशातच राहिला. मग ही कलमं नेमकी कशासाठी लिहितो आहोत?

या बाबतीत आपण काही पहिले नाही. इंटरनेटचे मूळ नियम जिथे लिहिले जातात त्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सची, म्हणजे आयईटीएफची, पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोला झाली तेव्हा जेमतेम २१ जण होते. इतक्या माणसांना आचारसंहिता लागत नाही, सगळे एकमेकांना ओळखून असतात. वागणुकीची मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी लेखी स्वरूपात आणली ती २००१ मध्ये, आणि २०१४ मध्ये ती नव्याने लिहिली. आयईटीएफचे असे कागद ‘आरएफसी’ या नावाने क्रमांक देऊन निघतात. आरएफसी ७१५४ हा तो दस्तऐवज. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं होतं, असेल नेहमीचं गोडगोड. तसं आहेही: आदराने वागा, माणसावर नको, मुद्द्यावर बोला, येताना वाचून या. पण त्यात एक वाक्य असं आहे की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनी विशेषकरून हळू बोलावं आणि बोलीतले खास शब्द आवरते घ्यावेत, म्हणजे बाकीच्यांना समजेल. कुणीतरी, कधीतरी, अशाच बैठकीत वाक्य जुळवत बसलं असणार. त्याशिवाय हे वाक्य असल्या कागदात येत नाही.

आयईटीएफची दुसरी एक रीत मला फार आवडते. तिथे मतदान नसतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क १९९२ मध्ये बोलून गेले की आम्हाला राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत, मतदानही नको. ढोबळ सहमती आणि चालणारा कोड, यावर आमचा विश्वास. सहमतीचा अंदाज घ्यायचा तर सभागृहातल्या लोकांना हुंकार द्यायला सांगतात. बाजूने असलेले आधी हूंऽऽ करतात, मग विरोधातले. कोण हुंकारलं ते दिसत नाही, त्यामुळे साहेबासमोर हात वर करायची पंचाईत नाही. आणि हा हुंकारसुद्धा निकाल नसतो. २०१४ मधल्याच आरएफसी ७२८२ मध्ये हे फार छान उलगडून सांगितलंय: पाच जण बाजूने आणि शंभर विरोधात असले तरी ढोबळ सहमती होऊ शकते, कारण डोकी मोजायचीच नाहीत. प्रत्येक हरकत ऐकली गेली का, तिला उत्तर मिळालं का, हे बघायचं. एकट्याचा मुद्दा बिनतोड असेल तर शंभरांनी थांबायचं.

वाचायला किती सुंदर. पण या सगळ्या डोलाऱ्याखाली एक गृहीतक आहे की हरकत असलेला माणूस ती बोलून दाखवेल. न बोललेली हरकत मोजायची सोय कुणाकडेच नाही.

आता फौजदाराबद्दल सांगितलं पाहिजे. फौजदार हे आम्ही दोघा-तिघांनी खाजगीत ठेवलेलं नाव. उत्तर युरोपातला निवृत्तीला आलेला इंजिनिअर, पांढरी दाढी, मागे पुस्तकांची भिंत. नमस्कार-चमत्कार त्याला माहीत नाही. आचारसंहितेला सगळ्यांत मोठा विरोध त्याचा. त्याचं म्हणणं, आपण इथे नियम बरोबर आहे की चूक हे ठरवायला येतो, कुणाला कसं वाटलं हे विचारायला नाही. चुकीच्या नियमाला सौजन्याने होकार दिला तर त्याची किंमत पुढे लाखो लोक मोजतात. हे मला खोटं म्हणता येत नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना यंत्रासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ काढून त्यावर चंद्र देत, आणि आजही अनेक कळफलकांवरून तसंच उमटतं. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगवेगळे. वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ असं एका पद्धतीने शोधा, दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेले सगळे वकील गायब. यावर मी एक टिपण गटाला दिलं होतं. बऱ्याच जणांनी अगदी प्रेमाने लिहिलं: फारच रोचक, धन्यवाद, या कामाचं आम्हाला कौतुक वाटतं. त्यातल्या एकानेही ते शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं, हे त्यांच्या उत्तरांतच दिसत होतं. फौजदाराचं उत्तर आलं तीन ओळींत. नाव नाही, धन्यवाद नाही. नेपाळीत काय होतं? कोकणीत? तिसऱ्या उदाहरणाला चाचणी जोडा. संध्याकाळपर्यंत मी धुमसत होतो, आणि रात्री बसून नेपाळीच्या चाचण्या लिहीत होतो. त्या टिपणाचं पुढे जे काही झालं ते त्या तीन ओळींमुळे.

म्हणजे गोड बोलून दुर्लक्ष करणं, याला कुठलीच आचारसंहिता हात लावत नाही. आणि ते शिकायला परदेशात जायची गरज नाही. "बघतो, कळवतो" हे ऐकून मुंबईच्या ऑफिसांतून धुळ्याला परत आलेली माणसं आमच्या प्रत्येक घरात आहेत.

तरी मी फौजदाराच्या बाजूचा नाही. चोपड्याचा एक मित्र आमच्या गटात होता. एका मसुद्यात उघड चूक दिसली म्हणून त्याने लिहिलं, "धिस इज राँग. रिमूव्ह इट." इंग्रजीत त्याला एवढंच येतं असं नाही, पण जे येतं ते शाळेत मास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं, आज्ञार्थी. ‘मला वाटतं कदाचित आपण असाही विचार करून पाहू शकू’ अशी लांबड इंग्रजीतून लावायला त्या भाषेत लहानाचं मोठं व्हावं लागतं. आणि मुळात आम्ही खान्देशी माणसं बोलतो उंच पट्टीत. आमच्या घरात आजोबालाही ‘तू’च म्हणत. पुण्याची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने तिला वाटायचं की या घरात रोज भांडणं होतात. तर या मित्राला अध्यक्षांचा निरोप आला, खाजगीत, अतिशय सभ्य शब्दांत: सूर जरा सांभाळावा. तेव्हा आचारसंहिता लिहिलेलीही नव्हती. त्याच आठवड्यात फौजदाराने दुसऱ्या एका मसुद्याबद्दल जवळजवळ तेच शब्द वापरले होते. त्याला निरोप नाही. मी अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, अहो, तो तसाच आहे, सगळ्यांना माहीत आहे.

तसाच असण्याची मुभा किती वर्षांनी मिळते, हे विचारायचं राहून गेलं. मित्र पुढे आलाच नाही. आता जळगावला ठिबकच्या व्यवसायात आहे, मजेत आहे.

यावरून मला फड आठवतो. आमचं गाव पिंपळनेरच्या बाजूला, पांझरेकाठी. धुळे-नाशिकच्या पट्ट्यात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं चालत आलेली फड पद्धत पाटबंधारेवाल्यांच्या अभ्यासाचा विषय झाली आहे, पण आमच्या लहानपणी ते फक्त पाटाचं पाणी होतं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि खालचं सगळं भिजणारं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. ऊस तर सगळा ऊस, गहू तर सगळा गहू. बहुतेक घरांचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे कुणालाच सगळं मिळत नाही आणि कुणीच कोरडा राहत नाही. हंगामाआधी पाट उकरायला प्रत्येक घरातून माणूस. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता सोडायचा ते बैठकीत ठरायचं. यातलं काहीही कागदावर नव्हतं.

आणि मला आज सर्वांत नवलाचं वाटतं ते हे की आपल्या वावराला पाणी आपण द्यायचं नाही. दारं धरायची पाटकऱ्याने. तो सगळ्यांचा मिळून नेमलेला, वर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. शेतकऱ्याने बांधावर उभं राहावं, हवं तर आरडाओरड करावी, पण फावड्याला हात लावू नये. आबांबरोबर, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाबरोबर, मी रात्री पाटकऱ्याची भाकरी घेऊन जायचो. कळण्याची भाकरी, ठेचा, फडक्यात बांधलेला कांदा. उसाची पाती कानाला कापायची, पायाखाली गार चिखल. पाटकरी कंदील बांधावर ठेवून वाकलेला असायचा. फावड्याचा एक घाव घालून तो मातीचं दार फोडायचा, पाणी जरा अडखळायचं, फेस आणि काटक्या गोळा करायचं, आणि मग एकदम सरीत घुसायचं. दुसऱ्या बाजूचं दार तो गवताचा पेंडका टाकून, वर चिखल थापून, पायाने दाबून बंद करायचा. एकदा आमचा ऊस वाळत होता. आबा बैठकीतले मानाचे, जमीनही बरी होती. ते पाटकऱ्यावर चांगलेच तापले, अर्वाच्य बोलले. पाटकऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुनी पाळी परवा शे." आणि पेंडका दाबत राहिला. आबा बडबडत घरी आले. दाराला हात लावला नाही.

तिथे सौजन्याचा एकही नियम नव्हता. शिव्या तर पाण्यापेक्षा जास्त वाहायच्या. पण शिवी देणाऱ्याच्या हातात फावडं नव्हतं.

फडाचे गोडवे गाणारे लेख मी वाचतो तेव्हा मात्र मला थोडं चुळबुळायला होतं. आमच्या गावच्या त्या बैठकीत बाई कधी बसली नाही. पाटकरी आणि जागल्या ज्या घरांतून यायचे त्या घरांना फडात तुकडा नव्हता. ते पाणी वाटायचे, त्यांच्या वाट्याला पाणी नव्हतं. नियम लिहिलेले नव्हते म्हणजे काय, तर ज्यांच्या आज्याने पाट उकरला त्यांना ते दुधाबरोबर मिळाले होते, आणि बाहेरून आलेला कुणी घरजावई किंवा नवीन जमीन घेतलेला माणूस ते चारचौघांत अपमान होऊन शिकायचा. पुढे वर धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटारी आल्या, ज्याची मोटार त्याचं पाणी झालं आणि बऱ्याच गावांत फड विस्कटला. त्याचं मला वाईट वाटतं आणि त्यातल्या काही गोष्टी विस्कटल्या ते बरंही वाटतं. आबांना आमच्या बैठकीतलं भांडण एकदा सविस्तर सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "भांडाना पगार भेटस का तुले?" नाही म्हटल्यावर विषय संपला.

आमच्या मसुद्यावरची चर्चा मात्र काही केल्या संपेना. आक्षेप ओळखीचेच होते. हे राजकारण आहे. हे आपलं काम नाही. याने भित्रेपणा वाढेल. एका सभ्य गृहस्थांनी इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी जॉन पोस्टेल यांचं १९८० चं तत्त्व पुढे केलं: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा, हीच आपली आचारसंहिता, वेगळी कशाला हवी? टाळ्या पडाव्यात असं वाक्य. पण ते तत्त्व यंत्रांच्या बाबतीतही आता तितकंसं निर्विवाद राहिलेलं नाही. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये नेमकं हेच मांडलंय की चुकीचा मजकूर सगळ्यांनी उदारपणे गिळत राहिलं तर चूक तशीच मुरते, आणि शेवटी नव्याने येणाऱ्याला ती चूकच नियम म्हणून पाळावी लागते. बिघाड दिसला की बोला, दुरुस्त करा, असं तो कागद सांगतो. माणसांना हे लागू नाही असं कोण म्हणेल? "तो तसाच आहे" हे वाक्य गटात मुरलं ते अशाच उदारपणातून.

लिनक्सचं, म्हणजे जगभरातले लोक मिळून लिहितात त्या खुल्या संगणकप्रणालीचं, उदाहरण तर दोन्ही बाजूंनी देण्यात आलं. तिथे २०१५ मध्ये एक ‘संघर्षसंहिता’ आली होती, तुमचा कोड कठोरपणे तपासला जाणार हे आधीच बजावणारी. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्षानुवर्षांच्या तापट बोलण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास तिच्या जागी रीतसर आचारसंहिता आली. तेव्हा अनेकांनी भाकीत केलं होतं की आता दर्जा घसरणार. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती आजही नऊ-दहा आठवड्यांनी येते. अर्थात, त्यावरून आचारसंहितेने भलं केलं असंही सिद्ध होत नाही, हे फौजदाराने लगेच दाखवून दिलं. बरोबर होतं त्याचं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो ‘वागावे’ की ‘वागलेच पाहिजे’ यावर. मानकं लिहिणाऱ्यांना ही खोड असतेच. आरएफसी २११९ ने १९९७ मध्ये बंधनकारक काय आणि शिफारस काय यांचे शब्द नेमून दिले, तेव्हापासून आमच्यासारखी माणसं लग्नपत्रिकेतही ‘उपस्थित राहावे’ वाचून विचारात पडतात, हे ऐच्छिक समजायचं का. दोन बैठका यात गेल्या. शिरपूरच्या मॅडमचा प्रश्न, तक्रार अध्यक्षांबद्दल असली तर काय, तो अजून कुठेच नव्हता. आयईटीएफने २०१६ मध्ये छळवणुकीच्या तक्रारींसाठी वेगळा चमू नेमण्याची पद्धत आरएफसी ७७७६ मध्ये घालून दिली, तक्रार गोपनीय ठेवायची जबाबदारी त्यांची. मला त्या कागदातली सौजन्याची वाक्यं आठवतही नाहीत, पण ही तरतूद आठवते. जो बैठक चालवतो त्याच्याच हातात दार नको, एवढी साधी गोष्ट.

मी मॅडमना म्हटलं, आपण दोघे मिळून दुरुस्ती मांडू. मी माझी यादी केली होती: तक्रारीसाठी गटाबाहेरची दोन माणसं, शांतता म्हणजे लगेच सहमती नाही, पुढच्या बैठकीपर्यंत हरकतीला मुदत, आणि आयईटीएफसारखंच, सगळ्यांनी हळू बोलावं. पहिली तीन त्यांना पटली. शेवटचं त्यांनी काटलं. "मला हळू बोललेलं नकोय सर. हळू बोलायला लागले की माझ्याकडे बघून बोलतात. मसुदा आधी मिळाला तर मी आदल्या रात्री वाक्यं लिहून ठेवीन, मग बोलू देत कितीही फास्ट." मला अजूनही वाटतं की हळू बोलण्याचं कलम असायला हवं होतं, सगळेच काही मॅडमसारखे लिहून आणत नाहीत. पण त्यांचं वाक्य त्यांच्या दुरुस्तीत गेलं: चर्चेचा मजकूर बैठकीच्या दोन आठवडे आधी सगळ्यांना मिळाला पाहिजे. खाली नाव त्यांचंच टाकायचं ठरलं.

दुरुस्ती गेली. प्रेमळ उत्तरं आली, नेहमीसारखी. अत्यंत महत्त्वाचा मुद्दा, धन्यवाद, विविधतेसाठी असे आवाज गरजेचे आहेत. एकाने लिहिलं की कामकाजाचे नियम हा आचारसंहितेचा विषय होऊ शकत नाही, तो वेगळा ठराव आणावा. अध्यक्षांनी त्याला दुजोरा दिला, आणि तिथेच ते बारगळणार असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला. मला वाटलं काहीतरी झालं. म्हणाल्या, "फौजदाराचं उत्तर आलंय." काय लिहिलंय? त्यांनी वाचून दाखवलं. नमस्कार नाही, नाव नाही. आचारसंहिता नको, हे माझं मत कायम. तक्रारीचं कलम योग्य, ते मूळ मसुद्यात नव्हतं ही गंभीर त्रुटी. दोन आठवडे म्हणजे कॅलेंडरचे की कामाचे? संदिग्ध आहे. दुरुस्त करा.

"सर," त्या म्हणाल्या, "वाचलंय त्यांनी! सगळं वाचलंय!"

मग आम्ही पाऊण तास फोनवर तेच बोलत होतो, कॅलेंडरचे की कामाचे. आपल्याकडे दिवाळी मध्ये आली तर, त्यांच्याकडे नाताळ आला तर. मॅडमनी शेवटी ‘कॅलेंडरचे चौदा दिवस’ लिहिलं, आणि पुढच्या बैठकीत हे मी स्वतः मांडणार आहे, तुम्ही मध्ये बोलू नका, असं मला बजावून ठेवलं.